घरचं वायफाय : शेजारधर्म आणि जबाबदारी



रस्ता कसा ओलांडायचा, गॅसच्या शेगडीजवळ का जायचं नाही, अनोळखी माणसाने खाऊ दिला तर काय करायचं, हे आपण मुलांना पहिलीपासून सांगतो. पण घरात एक वस्तू अशी आहे की तिच्याबद्दल आपण काहीच सांगत नाही. टीव्हीच्या वर किंवा दारामागे लावलेला वायफायचा राउटर! "बाई, काल नेट नव्हतं म्हणून गृहपाठ राहिला" एवढ्यापुरताच तो वर्गात येतो. नेटवाला दादा येतो, डबी लावतो, पासवर्ड टाकून देतो आणि जातो. पुढची दोन-तीन वर्षं त्या डबीकडे कुणी बघत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. घरचं वायफाय नीट बंद ठेवणं हे घराला कडी लावण्याइतकंच रोजचं काम आहे. ते घरातल्या मोठ्यांनी मुलांना बरोबर घेऊन करायला हवं.

"आमच्याकडे चोरण्यासारखं आहेच काय?" असं पालक म्हणतात. त्याचं उत्तर आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या एका घटनेत आहे.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. पन्नासहून अधिक माणसं मृत्युमुखी पडली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला होता. ईमेल कुठल्या इंटरनेट जोडणीवरून गेला याचा पोलिसांनी माग काढला आणि ते नवी मुंबईत सानपाड्याला पोहोचले. ठाण्याहून वाशीची लोकल पकडली की लागणारं आपलं रोजचंच स्टेशन. तिथल्या एका इमारतीत राहणाऱ्या अमेरिकन गृहस्थाच्या नावावर ती जोडणी होती. दहशतवादविरोधी पथक त्यांच्या घरी गेलं, संगणक ताब्यात घेतले गेले, त्यांची चौकशी झाली, देशभरच्या वर्तमानपत्रांत नाव आलं. ईमेलशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांचं वायफाय सुरक्षित नव्हतं आणि ते बाहेरच्या कुणीतरी वापरलं होतं.

हे एकदाच घडलं असंही नाही. ऑगस्ट २००८ मध्ये असाच ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या जोडणीवरून गेला आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळचा ईमेल चेंबूरच्या एका खासगी कंपनीच्या वायफायवरून. त्यानंतर जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधण्याची मोहीम जाहीर केली. फेब्रुवारीत केंद्राच्या दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याबद्दल इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या.

यातून समजून घ्यायची गोष्ट सोपी आहे. इंटरनेटवर आपल्या घराला एक क्रमांक मिळतो. बाहेरच्या जगाला तो क्रमांक दिसतो, त्यामागचा माणूस दिसत नाही. पोलीस तपास करतात तेव्हा कंपनीच्या नोंदीत ज्याच्या नावावर जोडणी आहे, त्याच्याच दारावर पहिली थाप पडते. पुढे तो निर्दोष ठरेलही, पण मधल्या काळात घरातल्या मुलाबाळांनी काय सोसायचं?

आता अवघड भाग. आमच्या वर्तकनगरमध्ये म्हाडाच्या जुन्या इमारती आहेत, पुनर्विकासात उभे राहिलेले टॉवरही आहेत. जुन्या इमारतींत भिंतीला भिंत लागून घरं. वाटीभर साखर, गॅसचं सिलिंडर, पाहुण्यांसाठी खुर्च्या, सगळं एकमेकांकडून चालत आलेलं. त्यात वायफायचा पासवर्डही आला. "वहिनी, आमचं नेट गेलंय, जरा पासवर्ड सांगा ना," असं कुणी म्हटलं तर नाही कसं म्हणायचं? आणि २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा शेजारच्या वायफायवरच कितीतरी मुलांचा अभ्यास चालला, हे आपण शिक्षकांनी तरी विसरू नये. त्या शेजाऱ्यांचे उपकारच आहेत.

म्हणून "कुणालाही देऊ नका" असं मी पालकांना सांगणार नाही. शेजारधर्म पाळावा. फक्त एक फरक लक्षात ठेवावा. साखर दिली की ती वाटी तेवढ्यावर संपते. पासवर्ड दिला की तो वहिनींच्या मोबाईलमध्ये राहतो, त्यांच्या भाच्याकडे जातो, भाचा मित्राला सांगतो. सहा महिन्यांनी आपली जोडणी कोण वापरतंय हे आपल्यालाच माहीत नसतं. देणं चुकीचं नाही, पण कुणाला दिलंय याचा हिशोब हवा.

यावर राउटरमध्येच उपाय असतो. बहुतेक नव्या राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय सुरू करता येतं. त्याचा पासवर्ड वेगळा असतो. त्यावर आलेल्या माणसाला इंटरनेट मिळतं, पण आपला संगणक, प्रिंटर, घरातला कॅमेरा यांच्यापर्यंत सहसा पोहोचता येत नाही. काम झालं की ते बंद करायचं किंवा महिन्याला पासवर्ड बदलायचा. वापर मात्र आपल्याच नावावर मोजला जातो, म्हणून पाहुण्यांचं वायफायसुद्धा ओळखीच्या माणसालाच द्यावं.

आता पासवर्डकडे येऊ. अनेक घरांत पासवर्ड म्हणजे घरातल्या कुणाचा तरी मोबाईल नंबर असतो. लक्षात राहतो म्हणून. तो किती कच्चा आहे हे गणिताने बघा. आपल्याकडे मोबाईल नंबर दहा अंकी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी नंबर शक्य आहेत. आकडा मोठा वाटतो ना? पण वायफायला फोन जोडला जातो त्या क्षणीची देवाणघेवाण कुणी टिपून ठेवली, तर नंतर घरी बसून गेम खेळायच्या चांगल्या संगणकावर सेकंदाला काही लाख पासवर्ड तपासता येतात. काही तासांत सगळे नंबर संपतात. आणि शेजाऱ्याला तर एवढेही कष्ट नकोत, आपला नंबर त्याच्याकडे असतोच!

याउलट रोजच्या वापरातले २००० शब्द घेतले आणि चिठ्ठ्या टाकून त्यातले चार निवडले, उदाहरणार्थ भोपळा, रिक्षा, उशी, पाटी, तर १६ लाख कोटी जोड्या होतात. मोबाईल नंबरच्या ४००० पट. पाचवा शब्द घेतला की त्याच्याही २००० पट. हे शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहायचे, झाला पासवर्ड. लांब आहे, पण आजीलाही पाठ होईल. मात्र शब्द चिठ्ठीनेच काढा. मुलाचं नाव, जन्मतारीख, आवडत्या गाण्याची ओळ नको, ते ओळखीच्या माणसाला सुचतंच. आणि वर दिलेले चार शब्दही कृपया वापरू नका, ते आता सगळ्यांनी वाचलेत.

दुसरी गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. राउटरला दोन पासवर्ड असतात. एक वायफायला जोडण्याचा. दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा. हा दुसरा अनेकदा कंपनीतून आला तसाच, म्हणजे 'ॲडमिन' वगैरे, राहून जातो. आपण बँकेचं ॲप वापरतो तेव्हा ती माहिती कुलूपबंद होऊनच जाते, त्यामुळे शेजारी बसून कुणी आपले पैसे काढेल असं सहसा होत नाही. पण राउटरच्या सेटिंगमध्ये शिरलेला माणूस आपल्याला भलत्याच, खोट्या साइटवर नेऊ शकतो. ब्राझीलमध्ये २०११ च्या सुमारास सुमारे ४५ लाख मोडेमच्या सेटिंग अशाच परस्पर बदलल्या गेल्या होत्या. लोक नेहमीचा पत्ता टाकत होते आणि खोटं पान उघडत होतं. म्हणून हा दुसरा पासवर्ड बदलणं जास्त गरजेचं.

एखाद्या रविवारी सकाळी, मुलाला शेजारी बसवून, पुढची कामं करा. अर्धा-पाऊण तास लागतो.

१) राउटरच्या मागच्या किंवा खालच्या स्टिकरवर सेटिंगचा पत्ता आणि लॉगिन लिहिलेलं असतं. तिथे जाऊन आधी सेटिंगचा पासवर्ड बदला. जमत नसेल तर नेटवाल्या दादाकडून आपल्यासमोर बदलून घ्या आणि नवा पासवर्ड स्वतः टाका.

२) सुरक्षेचा प्रकार 'डब्ल्यूपीए२' किंवा 'डब्ल्यूपीए३' ठेवा. 'डब्ल्यूईपी' दिसला तर तो लगेच बदला, त्यातल्या त्रुटी २००१ पासूनच जगाला माहीत आहेत. घरात जुने फोन असतील तर दोन्हींचा एकत्र पर्याय निवडा.

३) वायफायचा नवा, चार-पाच शब्दांचा पासवर्ड ठेवा. तो बदलला की घरातले सगळे फोन पुन्हा जोडावे लागतात, त्यामुळे नको असलेले पाहुणे आपोआप बाहेर पडतात.

४) वायफायच्या नावात आडनाव, फ्लॅट नंबर नको. नाव लपवून मात्र सुरक्षा मिळत नाही, शोधणाऱ्याला ते सापडतंच.

५) 'डब्ल्यूपीएस' म्हणजे बटण दाबून किंवा आठ अंकी पिन टाकून जोडण्याची सोय बंद करा. त्या पिनमधला दोष २०११ मध्ये उघड झाला आहे. बाहेरून राउटर चालवण्याची सोयही बंद ठेवा.

६) 'जोडलेली उपकरणं' अशी यादी सेटिंगमध्ये असते. ती मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. "हा बाबांचा, हा आईचा, हा टीव्ही... आणि हा कुणाचा?" हा शेवटचा प्रश्न मुलांना फार आवडतो.

७) राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट करा. खूप जुना राउटर असेल आणि अपडेट येतच नसतील तर कंपनीकडे नवा मागा.

आता आपलं, शिक्षकांचं काम. मुलांना पासवर्ड तोंडपाठ असतो आणि तो कुणी विचारला की ती अभिमानाने सांगतात. त्यांना रागावून उपयोग नाही. घराची किल्ली कुणाला द्यायची हे मूल आईला विचारतं, तसंच "मी आईला विचारून सांगतो" हे एक वाक्य पासवर्डसाठी शिकवायला हवं. गणिताच्या तासाला चिठ्ठ्यांचा खेळ घ्या. वीस शब्दांच्या वीस चिठ्ठ्या करा, एक काढून ती परत टाकायची, मग दुसरी काढायची. दोन शब्दांच्या किती जोड्या होतात? तीन शब्दांच्या किती? चौथीच्या मुलाला ४०० आणि ८००० ही उत्तरं काढता येतात आणि मोठा पासवर्ड का हवा हे त्याचं त्यालाच कळतं. मात्र घरचा खरा पासवर्ड वर्गात कुणालाही बोलायला किंवा वहीत लिहायला लावू नका.

पालकसभेत आपण हजेरी, डबा आणि अक्षर यावर बोलतो. येत्या सभेत दहा मिनिटं या विषयाला द्यावीत असं मला मनापासून वाटतं. वर दिलेली सात कामं फळ्यावर लिहा आणि पुढच्या सभेत किती घरांत झाली ते हात वर करून मोजा. ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाली तर लगेच फोन करायचा १९३० हा क्रमांकही पालकांना डायरीत लिहून घ्यायला सांगा. ज्या पालकांना सेटिंग जमत नाहीत, त्यांना मदत करणारा एखादा जाणकार पालक प्रत्येक इमारतीत सापडतोच. शेजारधर्म पाळायला हीसुद्धा चांगली जागा आहे.

तुमच्या शाळेत हा विषय कसा घेतलात, मुलांनी काय प्रश्न विचारले, ते जरूर कळवा.