शिल्लक डॉलर घरी ठेवणे गुन्हा नव्हे

मा. संपादक,

परदेशवारीतून उरलेले चलन घरी ठेवणे बेकायदा आहे, हे आपल्या अंकातील लेखाचे विधान चुकीचे आहे. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील (फेमा) नियमांनुसार भारतातील रहिवाशाला प्रवासातून उरलेल्या नोटा एकूण 2000 अमेरिकी डॉलर किंवा तेवढ्या मूल्यापर्यंत कितीही काळ जवळ ठेवता येतात. नाण्यांना तर मर्यादाच नाही. परतल्यापासून 180 दिवसांत अधिकृत विक्रेत्याकडे द्यायची ती या मर्यादेवरची रक्कम. तीही विकायची नसेल तर बँकेच्या आरएफसी (डोमेस्टिक) या परकीय चलन खात्यात ठेवता येते. व्याज मात्र मिळत नाही. 'सगळे परत करा' हा लेखातील अर्धवट सल्ला हजहून उरलेले रियाल घेऊन आलेल्या वृद्धांना विनाकारण घाबरवतो. चार नोटांसाठी दारव्ह्याहून नागपूरची खेप करण्यापेक्षा त्या पुढच्या प्रवासाला ठेवणे केव्हाही बरे.

उलट, ज्याला लेख 'सोपा मार्ग' म्हणतो, तोच बेकायदा आहे. उरलेले डॉलर ओळखीच्या प्रवाशाला परस्पर विकणे फेमाच्या कलम 3 मध्ये बसत नाही. व्यवहार अधिकृत व्यक्तीशीच व्हावा लागतो.

खरा धोका लेखात आलाच नाही. जुन्या नोटा चलनातून जातात. ब्रिटनच्या 20 आणि 50 पौंडांच्या कागदी नोटा 30 सप्टेंबर 2022 नंतर दुकानांत चालत नाहीत. बँक ऑफ इंग्लंड त्या अजूनही बदलून देते.

— एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)