जमले, तरी नको!

क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्डांची, म्हणजे ६६ फुटांची, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. अशा दोन खेळपट्ट्या टोकाला टोक लावून मांडल्या, की हर्क्युलस या मालवाहू विमानाच्या पंखांचा पसारा होतो. १३२ फूट! चार इंजिने आणि पोटात नव्वदेक सैनिक किंवा जीपगाड्या सहज मावतील एवढी जागा. आपल्या हवाई दलाकडे २०११ पासून याच विमानाची नवी आवृत्ती आहे. २०१३ साली लडाखमध्ये दौलत बेग ओल्डीच्या साडेसोळा हजार फुटांवरच्या धावपट्टीवर ते उतरले, तेव्हा त्याचे केवढे कौतुक झाले होते.

हे धूड १९६३ च्या ऑक्टोबरात अमेरिकी नौदलाने अटलांटिक महासागरात, बॉस्टनपासून शेकडो मैलांवर, 'फॉरेस्टल' या विमानवाहू नौकेवर उतरवले. एकदा नव्हे, तर पुढच्या महिन्याभरात एकवीस वेळा. नुसती चाके टेकवून पुन्हा उडणे झाले एकोणतीस वेळा, ते निराळेच.

नौकेवर विमान उतरते कसे, ते आधी पाहू. जहाजाच्या डेकवर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात आणि विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो. वैमानिक डेकवर आदळतोच म्हणायचे, आकडा तारेत अडकतो आणि विमान दोन-तीन सेकंदांत जागच्या जागी थांबते. अडकला नाही, तर पुन्हा आकाशात. उडताना वाफेच्या दाबावर चालणारे कॅटापुल्ट विमानाला गलोलीतल्या खड्यासारखे भिरकावते. हर्क्युलसला आकडाही नव्हता आणि कॅटापुल्टचीही सोय नव्हती. चाचणी करणाऱ्यांनी विमानाच्या अंगावर गमतीने रंगवून टाकले होते, 'आई बघ, आकड्याशिवाय!' सायकलचे हँडल सोडून घरासमोरून जाणाऱ्या पोराचा हा थाट आहे.

पण काम पोरखेळाचे नव्हते. वैमानिक होता लेफ्टनंट जेम्स फ्लॅटली, मुळात लढाऊ विमानांचा माणूस. विमानात बदल म्हणाल तर मोजकेच होते. पंखांखालचे इंधन भरण्याचे सांगाडे काढले, पुढच्या चाकाच्या धक्का शोषणाऱ्या भागात दुरुस्ती केली आणि ब्रेक सुधारले. बाकी भिस्त होती ती पंख्यांवर. हर्क्युलसच्या पंख्यांची पाती उलटी फिरवून मागे रेटा देता येतो. एरवी हे चाके टेकल्यानंतर करायचे असते. फ्लॅटलीने ते डेक तीन-चार फूट खाली असतानाच केले. विमान वरून टाकलेल्या पोत्यासारखे बसले आणि थांबले. डावीकडे समुद्र आणि उजव्या पंखाच्या टोकापासून जेमतेम पंधरा फुटांवर जहाजाचा मनोरा! वजन कमी असताना ते २६७ फुटांत, म्हणजे चार खेळपट्ट्यांच्या अंतरात उभे राहिले. पंचावन्न टन भरले तेव्हा सात खेळपट्ट्या लागल्या. उडायला त्या वजनाने ७४५ फूट लागले, आणि डेकची लांबी हजारावर होती. जहाज वाऱ्याच्या तोंडावर वेगाने चाललेले असल्यामुळे हे शक्य झाले, हे खरेच. तरी कौशल्य ते कौशल्य. फ्लॅटलीला त्यासाठी पदक मिळाले आणि पुढे तो अॅडमिरलच्या हुद्द्यापर्यंत चढला.

आता, हा खटाटोप कशासाठी? हौसेसाठी नव्हे. भर महासागरात असलेल्या नौकेला एखादे इंजिन किंवा तातडीचा सुटा भाग हवा असेल, तर तो पोचवणारे त्या काळचे ट्रेडर हे विमान चिमुकले होते आणि त्याचा पल्लाही तीनशे मैलांच्या आसपास. नौकेनेच किनाऱ्याकडे यायचे, नाही तर वाट पाहायची. हर्क्युलस अकरा टनांपर्यंत माल घेऊन अडीच हजार मैल येऊ शकेल, असा हिशेब होता. प्रश्न सरळ होता, हे नौकेवर उतरेल का? उत्तर आले, उतरेल.

आणि मग नौदलाने सांगितले, नको.

मला या साऱ्या कथेत खरे शौर्य दिसते ते इथे. पंखांची टोके, फूट आणि टन यांचे फोटो आजही जगभर कौतुकाने पाहिले जातात. त्या 'नको'चा फोटो निघत नाही. पण विचार करा. चाचणी यशस्वी, वैमानिक सुखरूप, विमानाला ओरखडा नाही, वर वाहवा. अशा वेळी फाइल बंद करायला जो कणा लागतो, तो चार इंजिने उलटी फिरवायला लागतो त्याहून ताठ असावा. कारणे साधी होती. हर्क्युलसचे पंख मिटत नाहीत आणि ते लिफ्टने खालच्या मजल्यावरही नेता येत नाही. ते उतरायचे म्हणजे सगळी विमाने डेकवरून हलवायची, आणि ते असेपर्यंत नौकेचे लढण्याचे काम ठप्प. मुंबईच्या चाळीत कुणी हत्ती आणून बांधावा तसे. शिवाय निवडक वैमानिकाने निवडक दिवशी केलेली गोष्ट रोजच्या वैमानिकाने रोजच्या हवेत करायची, यात कधी ना कधी पंख मनोऱ्याला लागणारच. पंधरा फूट म्हणजे किती, हे आपल्या घरातल्या खोलीत उभे राहून पाहावे.

त्याऐवजी ग्रेहाउंड नावाचे दोन इंजिनांचे, पंख मिटणारे, आकडा असलेले विमान आले. माल हर्क्युलसच्या निम्म्याहून कमी. दिसायला बेंगरूळ. १९६० च्या दशकापासून अर्धशतकाहून अधिक काळ त्याने टपाल, माणसे आणि सुटे भाग वाहिले. २०२० नंतर ऑस्प्रे हे विमान त्याची जागा घेऊ लागले. ग्रेहाउंडवर कुणी गमतीचे वाक्य रंगवल्याचे माझ्या वाचनात नाही.

पण सगळ्यांना, सदासर्वदा, असा 'नको' म्हणता येत नाही. याच नौदलाला पंधरा वर्षांपूर्वी तो म्हणता आला नव्हता. १९४७ साली अमेरिकी हवाई दल स्वतंत्र झाले आणि अणुबॉम्ब टाकण्याचे काम आमचेच, असे म्हणू लागले. पैसा तिकडे जाणार हे उघड होते. तेव्हा नौदलाने घाईघाईने नेपच्यून हे गस्तीचे, शंभर फुटी पंखांचे विमान पुढे केले. एप्रिल १९४८ मध्ये दोन नेपच्यून 'कोरल सी' नौकेवरून रॉकेटांच्या रेट्याने उडाली. मार्च १९४९ मध्ये जॉन हेवर्ड यांनी साडेचार टनांचे नकली बॉम्ब घेऊन अटलांटिकमधल्या नौकेवरून उड्डाण केले, पश्चिम किनाऱ्यावर ते टाकले आणि न थांबता पूर्व किनाऱ्याला परत येऊन जमिनीवरच्या तळावर उतरले. पराक्रम मोठाच. पण युद्ध झाले असते तर? नौकेवर परत उतरण्याची सोय नव्हती. मित्रराष्ट्राचा तळ सापडला तर ठीक, नाही तर जहाजाजवळ समुद्रात विमान टाकायचे आणि कुणी उचलेल याची वाट पाहायची. दोन खात्यांच्या भांडणाची किंमत वैमानिकाने बर्फगार पाण्यात पोहून चुकवायची! आणि एवढे करून काय साधले? अजस्र बॉम्बफेकी विमानांसाठी बांधायला घेतलेल्या 'युनायटेड स्टेट्स' या नौकेचा कणा १८ एप्रिल १९४९ ला बसवला आणि पाचच दिवसांत संरक्षणमंत्री लुई जॉन्सन यांनी तिचे काम रद्द केले.

यावर कुणी डूलिटलचे उदाहरण देईल. १८ एप्रिल १९४२ रोजी 'हॉर्नेट'वरून सोळा बी-२५ विमाने ऐंशी माणसांसह टोकियोकडे गेली. त्यांनाही नौकेवर परतायचे नव्हतेच. फरक असा, की ती माणसे जाणूनबुजून, स्वेच्छेने गेली होती आणि देश युद्धात होता. तरीही हिशेब पुरा मांडला पाहिजे. एक विमान सोव्हिएत भूमीवर उतरले, बाकी पंधरा नष्ट झाली. पकडलेल्यांपैकी तिघांना जपान्यांनी मृत्युदंड दिला. वैमानिकांना आसरा देणाऱ्या चिनी प्रांतांवर जपानी सैन्याने जो सूड उगवला, त्यातील बळींचे अंदाज अडीच लाखांपर्यंत जातात. त्या शेतकऱ्यांना कुणी विचारले नव्हते.

हे सारे परक्यांचे झाले. पण हा 'नको' आपल्याही दारात येऊन गेला आहे, आणि आपण त्याचे स्वागत कसे केले ते पाहण्यासारखे आहे. गोव्यात डाबोळीच्या 'हंसा' तळावर नौकेच्या डेकसारखी, टोकाला उचललेली धावपट्टी बांधली आहे. तेजस या आपल्या लढाऊ विमानाच्या नौदलासाठीच्या आवृत्तीच्या चाचण्या तिथे झाल्या. ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ते 'विक्रमादित्य'च्या डेकवर, तारेत आकडा अडकवून, उतरवले. मराठी नाव म्हणून आपल्याला अधिक अभिमान वाटला असेल तर त्यात गैर काही नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत ते नव्या 'विक्रांत'वरही उतरले.

मात्र नौदलाचा निर्णय त्याच्या कितीतरी आधी झालेला होता. डिसेंबर २०१६ मध्ये नौदलप्रमुख सुनील लांबा यांनी जाहीर सांगितले होते, की हे विमान सध्याच्या रूपात आमच्या गरजा भागवत नाही. आपल्या नौकांवर कॅटापुल्ट नाही, विमानाने स्वतःच्या जोरावर उंचावलेल्या टोकावरून उडायचे असते. एकच इंजिन असलेले हे विमान पुरेसे इंधन आणि पुरेशी शस्त्रे घेऊन तसे उडणे अवघड, हा सगळा वाद वजनाचा. तेव्हा 'स्वदेशीला नाकारले' असा गलका झाला. २०२५ च्या एप्रिलमध्ये नौदलासाठी २६ राफेल विमानांचा करार झाला तेव्हा तो पुन्हा ऐकू आला. टीका करणाऱ्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. बाहेरून घेतलेले विमान परक्याच्या मर्जीवर चालते, हे आपण भोगलेले आहे. पण देशाभिमान वैमानिकाच्या टाकीत इंधन भरत नाही.

मावळणकर 'विक्रमादित्य'वर उतरले तेव्हा तो 'नको' तीन वर्षे जुना होता, आणि तरीही चाचण्या थांबवल्या नव्हत्या. मला ही गोष्ट फॉरेस्टलइतकीच मोलाची वाटते. डेकवर किती वेगाने आदळले, चाकांच्या सांगाड्याने किती सोसले, शेवटच्या क्षणी संगणकाने विमान कसे सावरले, ही सगळी मोजमापे आता दोन इंजिनांच्या नव्या विमानाच्या आराखड्यासाठी हाताशी आहेत. फ्लॅटलीचे हर्क्युलस चाचण्यांनंतर मरीन दलाकडे परत गेले आणि हवेत दुसऱ्या विमानांना इंधन पाजण्याच्या आपल्या नेहमीच्या कामाला लागले. आज ते फ्लोरिडातल्या पेन्साकोलाच्या नौदल संग्रहालयात उभे आहे.