माहेराची सोयीस्कर ओवी

सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढणाऱ्या एसटीत कडेवर मूल घेतलेली बाई दिसली, की आपण तिला माहेरवाशीण ठरवून मोकळे होतो. जात्यावरच्या ओव्यांनी आणि भोंडल्याच्या गाण्यांनी आपल्याला तसेच शिकवले आहे: छळ सासरी, सुख माहेरी. लोकगीतात ही विभागणी शोभते. मराठी समीक्षा मात्र स्त्रियांची आत्मकथनेही तिच्याच आधाराने वाचते, हा माझा आक्षेप आहे.

बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) घ्या. वडिलांनी आईला घरात कोंडून ठेवणे, त्यात त्यांना वाटणारी प्रतिष्ठा, महारवाड्यातील सासुरवाशिणींचा छळ, हे सारे त्यात आहे. लेखिकेने स्वतः नवऱ्याच्या हातून सोसलेला मार मात्र त्यात नाही. तो कळतो माया पंडित यांच्या २००८ सालच्या इंग्रजी अनुवादाला जोडलेल्या मुलाखतीतून. आपले लेखन त्यांनी वीस वर्षे लपवून ठेवले होते, हेही तिथेच समजते. आपण पुस्तकाला 'समाजाचे आत्मकथन' म्हणून गौरवले आणि हे मौन त्या गौरवाखाली झाकले. आईची कोंडी प्रतिष्ठा म्हणून जिने पाहिली, तिला स्वतःचा मार अन्याय म्हणून उच्चारायला किती काळ लागेल, हे कुणी विचारले?

याउलट मल्लिका अमर शेख शाहिराच्या घरात लाडाकोडात वाढल्या. तरीही 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) लिहिण्याची वेळ त्यांच्यावर आलीच. म्हणजे दुखावलेले बालपण मार ओढवून घेते, हे म्हणणे खोटे आणि क्रूर आहे. मारतो तो मारणारा. बालपण ठरवते ते एवढेच, की त्या माराला नाव द्यायला किती वर्षे लागतील. दोघींमध्ये जात, शिक्षण, शहर यांचे अंतर आहे, हे मान्य. पण त्या अंतराआड हा प्रश्न दडवता येणार नाही.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने पत्नीबरोबर मुलीला आणि बहिणीलाही संरक्षण दिले. माहेरही हिंसेचे ठिकाण असू शकते, हे कायद्याला उमगले. आमच्या अभ्यासक्रमांना अजून उमगायचे आहे.

तेव्हा ओवी शिकवाच, पण तिच्या शेजारी एक प्रश्न ठेवा: एसटीतली ती बाई ज्या घरी निघाली आहे, तिथेच तिने पहिला मार पाहिला असेल, तर तिने उतरायचे कुठे?