डॅशबोर्डावरील उशी



जुन्या मोटारी जपणारी माणसे चालकापुढील फलक, म्हणजे डॅशबोर्ड, फार बारकाईने न्याहाळतात. गाडी कोणत्या सालची आणि कोणत्या देशासाठी घडविलेली, हे पुष्कळदा त्यावरूनच त्यांना कळते. ही हौस आपणांस रिकामपणाची वाटेल. परंतु या फरकांमागे कधीकधी माणसाच्या जिवाचा प्रश्न दडलेला असतो.

इंग्लंडमधील ॲबिंग्डन या गावी तयार होणारी एम.जी.बी. ही खेळकर बांध्याची मोटार १९६२ साली बाजारात आली. १९८० साली तिचे उत्पादन थांबले, तोवर अशा ५ लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या होत्या. आरंभी तिचा डॅशबोर्ड पोलादी पत्र्याचा असे. त्यावर सुरकुतलेला काळा रंग, गोल तबकड्या, पुढे आलेले खटके आणि शेजारच्या माणसापुढे चीजवस्तू ठेवण्याचा एक खण, अशी त्याची सुबक मांडणी होती.

यांपैकी पुष्कळ गाड्या अमेरिकेत विकल्या जात. तेथे राल्फ नेडर यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ‘दुसऱ्या टकरी’कडे लक्ष वेधले. पहिली टक्कर गाडीची. दुसरी आतल्या माणसाची. गाडी एकाएकी थांबते, माणूस मात्र त्याच वेगाने पुढे फेकला जातो आणि त्याचे डोके समोरच्या कठीण पत्र्यावर आदळते. १९६६ साली तेथे मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला व १९६८ च्या आरंभापासून त्याखालील नियम लागू झाले.

तेव्हा अमेरिकेस जाणाऱ्या एम.जी.बी.च्या पत्र्याच्या जागी जाड, गुबगुबीत डॅशबोर्ड आला. पुढचा खणही नाहीसा झाला. तो १९७२ च्या नमुन्यात परत आला. या बोजड रूपाला रसिकांनी थट्टेने ‘ॲबिंग्डनची उशी’ असे नाव दिले. इंग्लंडमध्ये विकल्या जाणाऱ्या गाड्यांत मात्र पोलादी पत्रा १९७६ पर्यंत टिकला. कारखाना एकच, गाडी एकच. परंतु कायदा निराळा म्हणून डॅशबोर्डही निराळा.

आज काही हौशी मालक ती उशी काढून तेथे जुना पोलादी पत्रा बसवितात, कारण तो डोळ्यांना अधिक गोड वाटतो. आपल्या वस्तूचे काय करावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु अशी गाडी विकताना हा बदल ग्राहकास स्पष्ट सांगितला पाहिजे. तो लपविला, तर गाडीच्या सालाविषयी व मूळ रूपाविषयी ग्राहकाची फसवणूक होते. शिवाय आपल्यापुढे गादी नसून पत्रा आहे, हेही त्याच्या ध्यानात येत नाही.

ती उशी कुरूप असेल. परंतु कोणाचे तरी कपाळ फुटू नये, एवढ्यासाठीच ती तेथे आली. तिला हसण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे.