प्रवासाचा दिवस मोरीपासून सुरू होतो

सकाळचे नऊ वाजलेले. कोलंबिया नदी जिथे पॅसिफिक महासागराला मिळते, तिथे ऑरेगन राज्याच्या वायव्य टोकावर फोर्ट स्टीव्हन्स हा स्टेट पार्क आहे. उन्हाळ्यात या वेळी तिथे आवराआवर चालू असते. चहाची भांडी विसळून कपाटात गेलेली, अंथरुणं घड्या घालून ठेवलेली. आणि घरातलं कोणीतरी रबरी हातमोजे चढवून आरव्हीच्या पोटाखाली वाकलेलं. चाकांवरच्या या घराला दोन टाक्या असतात, एक संडासाची आणि दुसरी बेसिन-न्हाणीची. संडासाची आधी रिकामी करायची, न्हाणीची नंतर. मागून येणाऱ्या साबणाच्या पाण्याने नळी धुवून निघते, म्हणून हा क्रम.

समुद्राचे, सूर्यास्ताचे, शेकोटीचे फोटो सगळेच काढतात. या दहा मिनिटांचा फोटो कोणी काढत नाही. पण आरव्हीचा सगळा प्रवास याच दहा मिनिटांवर उभा आहे. जमिनीत झाकण असलेलं एक भोक, त्याखाली मैलापाण्याची व्यवस्था, शेजारी पाण्याचा नळ आणि विजेचा खांब. सरकारी उद्यानाने एवढं दिलं की सामान्य माणूस घर घेऊन फिरू शकतो. महाराष्ट्रात कॅराव्हॅन पर्यटनाची चर्चा होते तेव्हा डोळ्यांसमोर गाडी येते. आधी यायला हवं ते हे झाकण.

पोर्टलँडच्या आसपास नोकरीनिमित्त स्थायिक झालेलं एखादं मराठी कुटुंब धरू. गावाकडून आईवडील आले आहेत आणि मुलाने आठवड्यासाठी आरव्ही भाड्याने घेतली आहे. बहुतेक राज्यांत २६,००० पौंडांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ११,८०० किलोच्या आरव्हीला मोटारीचा साधा परवाना चालतो. आजचा पल्ला फोर्ट स्टीव्हन्सपासून फ्लॉरेन्स गावाजवळच्या जेसी एम. हनीमन पार्कपर्यंत, महामार्ग १०१ वरून दक्षिणेकडे सुमारे ३०० किलोमीटर. ऑरेगनच्या पार्कांत दुपारी एकपर्यंत जागा सोडावी लागते आणि नव्या ठिकाणी चारनंतर ताबा मिळतो. मधले तीन तास पार्कचे कर्मचारी जागा झाडून पुढच्यासाठी तयार करतात. या दोन वेळांच्या मध्ये बसवलेला दिवस म्हणजे आरव्हीवाल्यांचा ‘ट्रॅव्हल डे’.

निघण्याआधीची कामं अनुभवी लोक कागदावर लिहून ठेवतात. गॅसची टाकी बंद, फ्रिजच्या दाराची कडी लावलेली, बाहेर सरकवलेली खोली आत घेतलेली, छत गुंडाळलेलं, गाडी समतल करायला टेकवलेले पाय वर उचललेले, टायरची हवा तपासलेली, विजेची केबल काढलेली. चाकांखालच्या पाचरी सर्वांत शेवटी. मग एकाने गाडीभोवती पूर्ण फेरी मारायची आणि वर, खाली, मागे नजर टाकायची. काही विसरलं तर त्याची किंमत रस्त्यावर मोजावी लागते. विशेषतः गाडीची उंची तोंडपाठ हवी. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅम शहरात एक रेल्वेपूल रस्त्यापासून ११ फूट ८ इंचांवर होता. इशारे लावूनही ट्रक आणि आरव्हींची छपरं तिथे सोलून निघत. शेवटी २०१९ मध्ये तो पूल ८ इंच उचलावा लागला.

आदल्या रात्रीची उरलेली लाकडं मात्र सोबत घ्यायची नसतात. ॲश वृक्षांना आतून पोखरून मारणारा हिरवा भुंगा अमेरिकेत २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला. शेकोटीच्या लाकडात लपून तो राज्याराज्यांत पोचला आणि २०२२ मध्ये ऑरेगनमध्येही दिसला. म्हणून लाकूड जिथे जाळायचं तिथेच विकत घ्या, असं पार्कांतून बजावतात. फिरणाऱ्यांनी पाळायच्या शिस्तीत हा छोटा नियम फार मोलाचा आहे.

मग रस्ता. कॅनन बीचचा हेस्टॅक रॉक, आर्च केपचा बोगदा, नेहकाहनी डोंगराच्या कड्यावरची वळणं, टिलामुकची गायरानं. मागे मोटारींची रांग लागली की हळू चालणाऱ्या वाहनाने बाजूच्या थांब्यात शिरून वाट द्यायची. न्यूपोर्टला याक्विना खाडीवरचा पूल येतो आणि पुढे फ्लॉरेन्सला सायुस्लॉ नदीवरचा. दोन्ही अभियंता कॉन्डी मॅक्युलोच्या रचनेतले, दोन्ही १९३६ चे. त्याआधी इथे वाहनं फेरीबोटीने पार होत. महामंदीत सरकारी बांधकाम कार्यक्रमातून किनाऱ्यावर असे पाच पूल उभे राहिले, तेव्हा हा रस्ता सलग झाला.

जेवायला कुठेही थांबावं, किनारा मोकळा आहे. ऑरेगनचा समुद्रकिनारा जनतेच्या हक्काचा आहे. १९१३ मध्ये गव्हर्नर ऑस्वल्ड वेस्ट यांनी ओली वाळू सार्वजनिक महामार्ग म्हणून कायद्यात नोंदवून घेतली. १९६७ मध्ये गव्हर्नर टॉम मॅकॉल यांच्या काळात कोरड्या वाळूवरचा वावरही कायद्याने राखला गेला. आजीला गाडीतल्याच शेगडीवर खिचडीचा कुकर लावता येतो आणि नातवंडांना समोरच्या वाळूत खेळता येतं. वाटेत कोणाचं खासगी फाटक येत नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमारास गाडी हनीमनला पोचते. उंच वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्या कुशीतलं क्लिओवॉक्स तळं. गाडी मागे घेऊन ठरलेल्या क्रमांकाच्या जागेत लावायची, पाचरी ठोकायच्या, पाणी आणि वीज जोडायची. ३० अँपिअरच्या जोडणीतून १२० व्होल्टवर ३,६०० वॉट मिळतात. तेवढ्यात दिवे, पंखा, फ्रिज आणि एक एसी चालतो. अडचण आली तर जवळच कॅम्प होस्ट असतो. बहुतेकदा निवृत्त जोडपं. महिना-महिना पार्कमध्ये राहून ते नव्या लोकांना मदत करतात, साफसफाईला हात लावतात, आणि त्या बदल्यात त्यांना स्वतःच्या आरव्हीसाठी जागा फुकट मिळते.

तळ्याकाठची दगड-लाकडाची जुनी वास्तू कोणी बांधली, हे माहीत झालं की या पार्कांचं मर्म कळतं. १९३३ ते १९४२ या काळात रूझवेल्ट सरकारच्या सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरमध्ये सुमारे ३० लाख बेकार तरुणांनी काम केलं. महिन्याला ३० डॉलर पगार, त्यातले साधारण २५ थेट घरी पाठवायचे. देशभरच्या शेकडो उद्यानांत पायवाटा, पूल, न्हाणीघरं, स्वयंपाकाचे निवारे त्यांनी उभे केले. त्या दलात काळ्या तरुणांच्या तुकड्या मात्र वेगळ्या ठेवल्या गेल्या, हेही विसरता येत नाही. संकटाच्या काळात सरकारने काढलेल्या त्या कामांवर नव्वद वर्षांनंतरही लाखो लोकांच्या सुट्ट्या उभ्या आहेत. ज्या जेसी हनीमन यांचं नाव पार्कला आहे, त्या रस्त्याकडेचं सौंदर्य जपण्यासाठी झटणाऱ्या पोर्टलँडच्या कार्यकर्त्या होत्या.

हे सगळं आपोआप चालत नाही. ऑरेगनच्या स्टेट पार्कांना राज्याच्या सर्वसाधारण करातून पैसा मिळत नाही. १९९८ च्या सार्वमताने मिळालेला लॉटरीतला वाटा, पाहुण्यांची भाडी आणि आरव्हीच्या नोंदणी शुल्काचा हिस्सा, यांवर ती चालतात. ज्याची गाडी रस्त्यावर येते, त्याच्याकडून मुक्कामाच्या सोयीसाठी पैसे घेतले जातात. खर्च वाढला म्हणून २०२५ मध्ये भाडी वाढवावी लागली. राज्याबाहेरच्या आरव्हींना आणखी जास्त मोजावे लागतात. उन्हाळ्याच्या शनिवार-रविवारी जागा मिळणं अवघड झालं आहे. मोठी आरव्ही एका लिटरला जेमतेम साडेतीन-चार किलोमीटर जाते, म्हणजे आजच्या पल्ल्याला साधारण ८० लिटर इंधन. या व्यवस्थेत दोष आहेत. तरीही तिचा कणा सार्वजनिक आहे आणि तोच घेण्यासारखा आहे.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. गाड्यांबरोबर कॅराव्हॅन पार्कचाही त्यात विचार आहे, ही चांगली गोष्ट. पण पार्क म्हटलं की जमीन, गुंतवणूकदार, रिसॉर्ट अशी मोठी स्वप्नं सुरू होतात. सुरुवात याहून कितीतरी लहान करता येईल. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थानं गणपतीपुळ्याला आहेत, तारकर्लीला आहेत. त्यांच्या आवारात पाच-सहा गाड्यांपुरती सपाट जागा, प्रत्येकीला पाणी आणि मीटर असलेली वीज, आणि मैलापाण्याच्या प्रक्रियेला जोडलेलं एक झाकण, एवढं केलं तरी धोरण कागदावरून जमिनीवर उतरेल. कोकणातल्या अरुंद वळणांवर अमेरिकी आकाराची धूड वाहनं आणण्याची गरज नाही. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये फेरफार करून केलेलं चाकांवरचं घर पुरे आहे.

झाकण नसेल तर काय होईल, हे सांगायला अभ्यास लागत नाही. भरलेली टाकी रात्री ओढ्यात, खाजणात, नाहीतर गावाबाहेरच्या चरात रिकामी होईल. मग गावकरी चिडतील, ग्रामपंचायत ठराव करील आणि गाड्यांना गावात बंदी येईल. दोष पर्यटकाचा असेल, तितकाच सोय न करणाऱ्याचाही. म्हणून सरकारने पहिल्या गाडीला अनुदान देण्याआधी मैलापाण्याची पहिली जागा बांधावी, तिची देखभाल कोण करणार ते नाव आणि फोन नंबरासह तिथेच फलकावर लिहावं, आणि कॅराव्हॅनच्या नोंदणी शुल्कातला ठरावीक वाटा त्या देखभालीसाठी बांधून द्यावा. गणपतीपुळ्याला सकाळी टाकी रिकामी करून निघालेल्या कुटुंबाला दुसऱ्या दिवशी तारकर्लीत नळी जोडायला झाकण सापडलं, आणि ते स्वच्छ असलं, तर हे धोरण सुरू झालं असं म्हणता येईल.