आपली गोष्ट आपणच सांगायची

घरात पहिली पदवी आली की सगळ्यांना वाटतं, आता तरी माणूस म्हणून मान मिळेल. लिव्हिंग स्माईल विद्याला तो मिळाला नाही. तमिळनाडूतल्या दलित कुटुंबात जन्मलेली विद्या भाषाविज्ञानात एम.ए. झाली. पण जिला सगळे मुलगा समजत होते ती बाई आहे, हे घराला पचेना. ती पुण्याला आली, हिजडा समाजात राहिली आणि रेल्वेच्या डब्यांत पैसे मागून जगली. हातात पदव्युत्तर पदवी असताना!

पुढे तिने मदुराईत बँकेत नोकरी केली, तमिळमध्ये आत्मकथन लिहिलं, रंगमंचावर उभी राहिली. म्हैसुरात संशोधन करताना मला ही गोष्ट आधी भेटली ती कन्नड सिनेमातून. बी. एस. लिंगदेवरू यांच्या 2015 साली प्रदर्शित झालेल्या त्या सिनेमाच्या नावाचाच अर्थ ‘मी तो नाही, ती आहे’ असा. त्यातल्या भूमिकेसाठी संचारी विजय यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपल्या ‘जोगवा’त देवीला सोडलेला जोगता साकारणाऱ्या उपेंद्र लिमये यांनाही तो मिळाला होता. दोघांच्या अभिनयाबद्दल तक्रार नाही. प्रश्न इतकाच की, असं आयुष्य जगलेली माणसं स्वतः कलावंत असताना त्यांच्या वाट्याला पडदा कधी येणार? विद्याने वाट पाहिली नाही. 2014 मध्ये तिने ट्रान्स सहकाऱ्यांबरोबर चेन्नईत ‘पन्मै’ ही नाट्यसंस्था सुरू केली.

स्वतःला स्वीकारणं म्हणजे आरशासमोर एकट्याने करायची गोष्ट, असं हल्ली सांगितलं जातं. आपला इतिहास वेगळं सांगतो. ‘उपरा’, ‘अक्करमाशी’, ‘उचल्या’ ही समाजाने तोंडावर फेकलेली नावं. लक्ष्मण माने, शरणकुमार लिंबाळे, लक्ष्मण गायकवाड यांनी तीच पुस्तकांवर छापली, आणि लाज कुणाला वाटायला हवी ते उलटं झालं. भटक्या समाजातून आलेल्या कवयित्री दिशा पिंकी शेख यांनी आपल्या कवितासंग्रहाला ‘कुरूप’ हे नाव दिलं, ते याच वाटेवरचं पाऊल आहे. देवीच्या नावाने नाच, लग्नात टाळी, बाळाला आशीर्वाद ही समाजाने ठरवून दिलेली कला. कविता, नाटक, आत्मकथन ही स्वतः निवडलेली. हा फरक जात ओळखणाऱ्याला समजावून सांगावा लागू नये.

पण नुसत्या कौतुकाने पोट भरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या निकालात आपलं लिंग आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि ट्रान्स व्यक्तींना मागासवर्ग मानून आरक्षण द्यायला सांगितलं. मग दलित ट्रान्स व्यक्तीने काय करायचं? अनुसूचित जातीचा दाखला सोडायचा की आपली ओळख? म्हणून समांतर आरक्षणाची मागणी आहे. कर्नाटकाने 2021 मध्ये राज्य सरकारच्या नोकऱ्यांत प्रत्येक प्रवर्गाच्या आत 1 टक्का जागा दिल्या. जात आणि लिंग यांतलं एक निवडायची सक्ती तिथे सुटते.

हीच मागणी आपल्या संघटनांच्या ठरावात दिसायला हवी. आणि जयंतीच्या मंचावर ट्रान्स कलावंताला बोलवाल तेव्हा करमणुकीसाठी नको. मुख्य वक्ता म्हणून बोलवा.