काना गेला कुठे?

मंडळी, लॅपटॉपचा कीबोर्ड पूर्ण बंद पडला तर एक वेळ परवडतं. दुकानात जायचं, पैसे मोजायचे, विषय संपला! खरा छळ करतो तो अधूनमधून रुसणारा कीबोर्ड. सकाळी एकदम शहाणा, दुपारी अक्षरं गिळणारा. आणि दुकानात नेला की तिथे मात्र गुणी बाळ.

माझी मामेबहीण वरणगावात राहून पुण्यातल्या एका कंपनीचं मराठी भाषांतराचं काम करते. प्रोबेशनचा तिसरा महिना, त्यात मे. तिच्या फायलींतून काने गायब व्हायला लागले. तिने ‘काम पूर्ण झालं आहे’ असं टाइप करावं आणि मॅनेजरला मिळावं ‘कम पूर्ण झलं हे’! दोनदा ‘शुद्धलेखन कच्चं’ असा शेरा आला. नोकरीच पणाला लागली की राव!

ती इन्स्क्रिप्टवर टाइप करते. त्यात काना इंग्रजी ‘ई’च्या बटणावर असतो आणि शिफ्टसोबत तेच बटण दाबलं की ‘आ’. म्हणजे पोरीचं व्याकरण ठणठणीत, बटण आजारी.

‘दादा, दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारू.’

म्हटलं, थांब गं. आधी सेटिंगमध्ये ‘फिल्टर कीज’ बघ. विंडोजमध्ये उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिलं की ही सोय चालू करायची का, अशी विचारणा होते. घाईत ‘येस’ झालं की मशीन झटपट दाबलेली बटणं मुद्दाम सोडून देतं. तिची बंदच होती. मग शेजाऱ्यांचा साधा यूएसबी कीबोर्ड जोडला. त्यावर दिवसभर एकही काना हरवला नाही. गडबड विंडोजची असती तर बाहेरच्या कीबोर्डवरही दिसली असती. फॉरमॅटचे पैसे वाचले!

आता आतला झोल. कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला स्वतंत्र वायर नसते, आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते. एकच बटण रुसलं तर बहुतेक धूळ किंवा खाली सांडलेलं काहीतरी. बटणांचा गटच एकदम गेला तर जाळीतली एखादी रेष किंवा रिबन केबल. धुळीला कमी लेखू नका. अ‍ॅपलने २०१५ मध्ये आणलेला तो बारीक ‘बटरफ्लाय’ कीबोर्ड कणाकणाने अडायचा. २०१८ मध्ये कंपनीला फुकट दुरुस्तीची योजना काढावी लागली आणि २०२२ मध्ये अमेरिकेतला खटला मिटवायला ५ कोटी डॉलर मान्य करावे लागले.

वरणगावात धूळ भरपूर, म्हणून आम्ही लॅपटॉप बंद करून, तिरका धरून, ब्रशने साफ केला. फरक शून्य. उलट स्पेसबारही अडायला लागला आणि तोही फक्त दुपारी, लाइट जाऊन कूलर बंद पडला की. इथे माझी ट्यूब पेटली.

‘टचपॅड क्लिक होतंय का?’

‘नाही रे दादा, कडक झालंय.’

‘झाकण नीट बसतं?’

‘एका बाजूने फट राहते.’

बॅटरी फुगली होती! लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली, त्यात उष्णता मिळाली की आत वायू तयार होतो आणि ती वरच्या टचपॅडला, कीबोर्डला खालून ढकलते. बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरासाठी ३५ अंशांची मर्यादा असते. भुसावळ-वरणगावकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि वर आपण लॅपटॉप गादीवर ठेवून त्याची हवाही कोंडतो.

तिला सांगितलं, तसा जोर देऊन टाइप करू नकोस. लगेच बंद कर, चार्जर काढ, पुन्हा चार्जिंगला लावू नकोस. भुसावळला नवी बॅटरी बसवली आणि काने परत आले. मॅनेजरला तिने फुगलेल्या बॅटरीचा फोटोच पाठवला. बरं केलं!

तुमचा लॅपटॉप टेबलावर ठेवल्यावर डुगडुगतो का, एवढं आजच बघून घ्या. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, घरी स्क्रू काढून ओढायची तर मुळीच नाही, आग लागू शकते. आणि काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा बदलून घेतानाच ती दुकानात ठेवून घ्यायला सांगा.